साचाखात्याचं दार

गिरणगावावर आजकाल बरंच छापून येतं. लिहिणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीच्या लेखकाला चिमणी दिसली की भरून येतं. भोंगा, खानावळ, भजनी मंडळं, शाहिरी, लाल बावटा, कामगारांची एकजूट, सगळं कसं एका तालात चाललं होतं, मग टॉवर आले नि सगळं मोडलं, असं तो सांगतो. दुसऱ्या जातीच्या लेखकाला टॉवरच आवडतो. चिमणीशेजारी काचेची इमारत दिसली की त्याला 'जुन्या-नव्याचा संगम' सुचतो. लोअर परळच्या मॉलमध्ये बसून तो कॉफी पितो, आत इटालियन जेवण नि बाहेर वडापावची गाडी असं काहीतरी लिहितो आणि घरी जातो. या दोघांचं भांडण आहे असं वरून वाटतं. पण दोघांच्याही लेखात आपण नसतो. असलोच तर 'कामगार वर्ग' नावाच्या गाठोड्यात, पार तळाला.

हे मी रागानं लिहितोय. पण नुसत्या रागावर इतिहास उभा राहत नाही. त्याला तारखा लागतात, खाती लागतात, खोल्यांचे नंबर लागतात. मी कॉलेजात गेलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून जे ऐकलं, त्यातलं पक्कं तेवढं इथं मांडतो.

सांगायचं ते एकच. गिरणगावात जुनं आणि नवं मिसळलं ते टॉवर आल्यावर नव्हे. गिरणीचं पहिलं चाक फिरलं तेव्हापासून ते मिसळलेलंच होतं. त्या काळातलं सगळ्यात नवं यंत्र आणि या देशातला सगळ्यात जुना नियम एकाच पत्र्याखाली कामाला लागले. त्यांचं एकमेकांशी बिनसलं नाही. उलट छान जमलं. हे ज्याला दिसलं नाही त्याला गिरणगाव दिसलं नाही, मग तो रडणारा असो की फोटो काढणारा.

कावसजी दावर नावाच्या पारशी व्यापाऱ्यानं १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी चालू झाली. तिथून गिरण्या भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, दादर अशा पसरत गेल्या. माणसं आली कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरच्या दुष्काळी मुलखातून. बोटीनं आली, चालत आली, नंतर आगगाडीनं आली.

आपली माणसं का आली, ते मात्र वेगळं लिहावं लागतं. रत्नागिरीचा कुणबी गिरणीत आला तो जमीन पुरत नव्हती म्हणून. महार आला तेव्हा त्याच्या पाठीवर येसकरकी होती. गावाचा सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहायचं आणि बदल्यात भाकरीचा तुकडा वाढून घ्यायचा. आधी पलटणीत जायची वाट होती. १८९० नंतरच्या दहा वर्षांत इंग्रजानं महारांची भरती बंद केली आणि तीही वाट गेली. राहिली गोदी, रेल्वे, म्युनिसिपालटी आणि गिरणी.

गिरणीनं काय दिलं, हेही मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. गिरणीनं रोख पगार दिला. महिन्याच्या महिन्याला हातावर पैसे पडायचे आणि त्यासाठी कुणाला जोहार घालावा लागत नव्हता. त्या पैशातून पोराची पाटी आली, सभेची वर्गणी आली, वर्तमानपत्र आलं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जे जमले त्यांच्यात मुंबईच्या चाळींतून गेलेली माणसं होती. त्यांच्या भाड्याचे पैसे गिरणीतल्या घामाचेच. चवदार तळ्याची वाट परळवरून गेली, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि चळवळीचा पहिला माणूसही लक्षात ठेवा. लाल बावट्याच्या पुस्तकांत कामगारांचा इतिहास उशिरा सुरू होतो. पण १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे म्हणजे जोतिबांच्या सत्यशोधक समाजातला माणूस, 'दीनबंधू' चालवणारा. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यातून. म्हणजे जातीवर बोलणाऱ्या माणसानंच कामगारांना पहिली सुट्टी मिळवून दिली. पुढच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी सुट्टी ठेवली आणि जातीवर बोलणं सोडलं.

आता गिरणीच्या आत चला.

ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कापसाच्या गासड्या फुटतात तिथून काम सुरू होतं. कापूस झाडला जातो, पिंजला जातो, त्याचा पेळू होतो, पेळूचं सूत होतं. सूत काढायचं ते रिंगखातं. मग ते सूत गुंडाळायचं वाइंडिंग. पुढं ताणा भरायचा, खळ द्यायची आणि शेवटी कापड विणायचं. विणायच्या खात्याला मुंबईच्या गिरणीत साचाखाता म्हणत. माग म्हणजे साचा, मागावरचा कामगार साचेवाला.

साचेवाल्याचा रुबाब वेगळा होता. पगार रिंगवाल्यापेक्षा बराच जास्त. काम कसबाचं, आणि जितकं कापड तितके पैसे. गिरणीत साचाखाता म्हणजे बामणआळीच समजा. आणि या खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरायला बंदी होती. पाटी लावलेली नव्हती. कायदा नव्हता. तरी बंदी होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आपली माणसं हजारोंनी गिरणीत होती, ती रिंगखात्यात, वाइंडिंगला, झाडलोटीला. विणलेल्या कापडाच्या बाजूला त्यांना जागा नव्हती.

बंदी कशासाठी? ऐका. माग चालतो तेव्हा ताण्यामधून एक लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो. त्या धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की धोटा काढायचा, नवी कांडी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर ओढायचं. हातानं हे करायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसे. म्हणून साचेवाला धोटा तोंडाला लावायचा, भोकावर ओठ ठेवून श्वास आत ओढायचा, की सूत सर्रकन बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा. धोटा एकाचा नसतो. पाळी बदलली की दुसऱ्याच्या हाती, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी.

आता कळलं? महाराच्या ओठाला लागलेला धोटा मराठ्यानं ओठाला कसा लावायचा? एवढा प्रश्न. या एवढ्या प्रश्नावर आपल्या दोन-तीन पिढ्यांचा पगार अडकून राहिला.

हीच पद्धत परदेशातल्या गिरण्यांतही होती. तिकडे तिच्यावर आरडाओरडा झाला तो रोगाच्या भीतीनं. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते, क्षय पसरतो, असं डॉक्टर म्हणू लागले, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली असे तोंडानं ओढायचे धोटे कायद्यानं बंद केले. आपल्याकडं क्षय चालला. क्षयानं परळची खोली न् खोली पोखरली. साच्यावरची माणसं एकमेकांचा क्षय ओठांनी घेत राहिली, त्याला कुणी हरकत घेतली नाही. हरकत होती ती आपल्या ओठांना. दोस्तांनो, जात माणसाला कुठवर आंधळं करते याचं याहून मोठं उदाहरण मला सापडलं नाही.

आणि इथं तो नव्या-जुन्याचा हिशेब पाहा. साचा लँकेशायरचा. वाफेचं इंजिन विलायती. घड्याळ विलायती, भोंगा विलायती. पुस्तकात म्हणतात यंत्र आलं की जात जाते, कारखान्यात सगळे समान होतात. यंत्रानं जात घालवली नाही. यंत्रानं जातीला बसायला नवी जागा दिली. गावात ती पाणवठ्यावर बसली होती, इथं ती सुताच्या टोकावर येऊन बसली. कामावर घ्यायचं जॉबरच्या हातात. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस भरायचा. राहायची खोली गावकीची, जेवायची खानावळ गावकीची. नवं शहर जुन्या गावानंच भरलं होतं.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. याच संपात गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, उभी राहिली. या संपावर पुस्तकं आहेत आणि ती वाचावीत. उपाशी राहून सहा महिने लढणं ही साधी गोष्ट नाही. आपली माणसंही त्यात उपाशी राहिली.

पण बाबासाहेबांनी या संपात एक प्रश्न टाकला. युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी सरळ विचारलं, तुमच्या मागण्यांत अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत काम मिळण्याची मागणी का नाही? ती घाला, नाहीतर माझ्या लोकांना मी संपापासून लांब राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी खळखळ केली आणि शेवटी नाइलाजानं मागणी घातली. मालकांपुढं ती गेली तेव्हा मालकांचं उत्तर काय? हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही!

या उत्तराकडं नीट बघा. मालक शंभर पापांचा धनी. पण इथं तो खोटं बोलत नव्हता. दार त्यानं लावलं नव्हतं, त्याला ते लावलेलं परवडत होतं एवढंच. दार आतून लावलेलं होतं. साच्यावरच्या कामगारानंच. जो बाहेर मैदानात मूठ वळून 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' म्हणत होता, तोच आत दाराला पाठ लावून उभा होता.

पुढच्याच वर्षी, १९२९ ला, पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. आधीच्या संपानं कर्जात बुडालेली आपली माणसं कामावर गेली. त्यांना संपफोडे म्हटलं गेलं. आजही म्हटलं जातं. तरुण कार्यकर्त्यांना कुणी कॉम्रेड हे ऐकवतो तेव्हा त्यांची जीभ अडखळते. अडखळू नका. उलट विचारा, ज्या संपाची मागणी पुरी झाली तरी माझ्या बापाला साचा मिळणार नव्हता, तो संप माझा कसा? त्या संपात माझी भूक तेवढी तुम्हाला हवी होती.

पण इथंच थांबलो तर आपणही अर्धाच इतिहास सांगू. बाबासाहेब संपाच्या विरोधात होते ही आवई खोटी आहे. १५ ऑगस्ट १९३६ ला त्यांनी पक्ष काढला त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी मुंबई सरकारनं संपाचा हक्क बांधून टाकणारं औद्योगिक कलहाचं बिल आणलं. बाबासाहेब त्याविरुद्ध असेंब्लीत बोलले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. परळच्या मैदानात निळी-लाल माणसं एकत्र बसली. म्हणजे एकजूट होऊ शकते. पण कधी होते? आपला माणूस गाठोड्यातून बाहेर येऊन, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पक्षानं, बरोबरीनं समोर बसतो तेव्हा होते. आधी दार उघडायचं, मग एकजूट. उलट्या क्रमानं ती कधी झालेली नाही.

गिरणीतून सुटून चाळीत आलो तरी तेच.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं उंदरांसारखी मेली तेव्हा सरकारला कामगारांच्या खुराड्यांची आठवण झाली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यानं चाळी बांधल्या. परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, एक नंबरच्या इमारतीत, ५० आणि ५१ नंबरच्या दोन लहान खोल्या आहेत. तिथं बाबासाहेब वीस-बावीस वर्षं राहिले. अमेरिकेला गेले ते याच काळात, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तेही याच खोल्यांत. ते परदेशी असताना रमाईनं संसार ओढला तो इथंच. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं ते नंतर. जगातल्या मोठ्या विद्यापीठांची पदवी घेतलेला माणूस गिरणी कामगारांच्या शेजारी, तोच सार्वजनिक नळ, तोच सामाईक संडास वापरत राहिला. त्या वरांड्यात उभं राहा, मग कळेल की साचाखात्याचा प्रश्न बाबासाहेबांना पुस्तकातून सापडलेला नव्हता. संध्याकाळी पाळीवरून सुटलेली माणसं दारावरून जात, तेव्हा कोण कुठल्या खात्यातून येतो ते त्यांना ठाऊक होतं.

तिथून चालत गेलं की दामोदर हॉल. ठाकरसी या गिरणीमालक घराण्याचं नाव लावलेला. इथंच ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरीही इथंच. मालकाच्या नावाच्या हॉलमध्ये आपल्या चळवळीचं बी पडलं, अशी ही गंमत. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ ला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. तो मांडणारे सी. के. बोले कामगारांत काम करणारे, १९०९ साली कामगार हितवर्धक सभा काढणारे. दामोदर नाट्यगृह २०२३ साली नव्या बांधकामासाठी बंद झालं. नाटकवाल्यांनी आवाज उठवला, बरं केलं. पण त्या बातम्यांत नाटकं होती, दशावतार होता, आणि १९२४ ची सभा शोधून काढावी लागत होती.

बीडीडी चाळी १९२० नंतरच्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या म्हणून बीडीडी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२, अशा एकूण २०७. खाली एक आणि वर तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची. इतकी जाड भिंत की तुरुंग म्हणूनही वापरता यावी, आणि इंग्रजांनी तसा वापर केलाही. या चाळींतही आपल्या इमारती ओळखू यायच्या. नंबर सांगितला की जात कळायची.

तरी शेजार होता. एकच गिरणी, एकच भोंगा, एकच पाळी. मग १९७४ साल आलं. १९७२ साली दलित पँथर निघाली होती आणि मध्य मुंबईची पोटनिवडणूक तोंडावर होती. पँथरनं बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा झाली. दगड आले. मग पोलिसांच्या लाठ्या आल्या, गोळ्या आल्या. या वरळीच्या दंगलीत रमेश देवरुखकर गोळीनं गेले. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा नायगावहून निघून परळमधून जाताना इमारतीवरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेले. ज्यांनी दगड टाकले त्यांच्या घरातलेही गिरणीतच जात होते. एका भोंग्यानं उठणारी माणसं. 'सगळं कसं एका तालात चाललं होतं' म्हणणाऱ्या पहिल्या जातीच्या लेखकानं या दोन नावांपाशी थांबून पुढचं वाक्य लिहून दाखवावं.

स्वातंत्र्यानंतर साचाखात्याचं दार हळूहळू किलकिलं होत गेलं. राज्यघटनेनं अस्पृश्यता गुन्हा ठरवली. आपली काही माणसं साच्यावर चढली. पण खातं वारशानं चालतं. बाप रिंगला, तर जॉबर पोराला रिंगलाच घेणार. माझा आजा रिंगखात्यातच लागला. तो म्हणायचा, "आमच्या वक्ताला कुणी नको म्हणत नव्हतं रं, पण ये बी कुणी म्हणत नव्हतं." बंदी उठल्यानंतर काय उरतं, ते मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. गिरण्या मेल्या, माणसं गावी गेली, बायका धुणीभांडी करू लागल्या, पोरं नाक्यावर उभी राहिली. मार सगळ्यांना बसला. पण ज्याची गावाकडं दोन एकर जमीन होती तो परत जाऊ शकला. आपला माणूस परत जाणार कुठं? येसकरकीला? म्हणून तो चाळीतच राहिला, मिळेल ते करत. या फरकाचं प्रकरण संपाच्या किती पुस्तकांत आहे ते शोधा.

मग जमिनीचा खेळ. १९९१ साली नियम झाला, गिरणीची जमीन विकायला काढली तर एक हिस्सा शहराला मोकळी जागा म्हणून, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात बदल केला आणि हे तीन हिस्से फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीचे ठरले. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये हॉटेलं आली. आवारांची नावं तशीच ठेवली, कारण 'मिल' हा शब्द आता फॅशनचा झालाय. रस्ते आणि पूल जुन्या कामगारवस्तीचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगरून २३ माणसं मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात हॉटेलला आग लागून १४ मेली. काच नवी होती, जिना जुना होता.

उरलेल्या कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. अट काय, तर १ जानेवारी १९८२ ला तुम्ही गिरणीत कामाला होता याचा कागद दाखवा. बदली कामगाराकडं कागद कुठला? पुरात, आगीत, घर बदलताना गेला तो गेला. माझ्या आजाचाही गेला.

आणि मी? मी भिवंडीकडं एका कापडाच्या कारखान्यात मागावर उभा असतो. बारा तासांची पाळी, हजेरी वहीत नाव कधी असतं कधी नसतं. रोज माझ्या हातात धोटा असतो, कांडी मी घालतो आणि कुणी मला जात विचारत नाही. ज्या साच्यासाठी बाबासाहेब युनियनशी भांडले तो साचा शेवटी आमच्या घरात आला. तो आला तेव्हा त्याचा पगार गेला होता, युनियन गेली होती, रविवार गेला होता. ज्या कामाची किंमत जाते त्या कामाची दारं आपल्याला उघडतात. हा नियमही टिपून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

कारण परळमध्ये आजही खाती आहेत. काचेच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर कोण बसतं, तळघरात गाड्या कोण लावतं, रात्री काच पुसायला कोण येतं, संडास कोण धुतं, त्याचा कंत्राटदार कोण आणि तो माणसं कुठल्या वस्तीतून उचलतो? जॉबर गेला, एजन्सी आली. आता कुणी धोटा तोंडाला लावत नाही. मुलाखतीत आडनाव विचारतात, शाळा विचारतात, इंग्रजी ऐकतात. दार तेच आहे, कडी बदलली.

सगळंच काळं आहे असं मी म्हणत नाही. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला स्वतःचा संडास मिळतो, त्यात वाईट काय? 'चाळसंस्कृती गेली' म्हणून रडणाऱ्यांनी आधी महिनाभर तो सामाईक संडास वापरावा. आपल्या आयांना विचारा, त्या जुन्यासाठी रडणार नाहीत. घर घ्यावं. पण जुनी इमारत पाडताना तिचा नंबर, तिथली सभा, तिथं पडलेलं रक्तही मातीत जातं, हे विसरू नये. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस बुलडोझरनं पाडलं गेलं. झोपेतून उठेपर्यंत जागा सपाट. त्यानंतर महिन्याभरात हजारोंचा मोर्चा निघाला. पण मोर्चानं पाडलेलं उभं राहत नाही. आधीच लिहून ठेवलं पाहिजे.

शेवटी इंदू मिल. दादरच्या समुद्राकाठी, चैत्यभूमीच्या जवळ, सरकारी गिरणी बंद पडून होती. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते आत घुसले आणि बाबासाहेबांच्या स्मारकासाठी जागेवर हक्क सांगितला. बारा एकरांवर ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. उंच पुतळा ठरला. पुतळा व्हावा, माझी ना नाही. पण ती गिरणी होती, हे कुणाच्या तोंडी नसतं. माझी मागणी लहान आहे. त्या बारा एकरांत एका कोपऱ्यात एक साचा ठेवा. त्यावर एक धोटा ठेवा. आणि बाजूला लिहा, इथं आमच्या ओठांना बंदी होती, आणि १९२८ साली एका माणसानं त्याचा जाब मागितला. येणारं पोर पुतळ्याकडं मान वर करून बघेल, तसंच त्या धोट्याकडं मान खाली करूनही बघेल.

आता काम सांगतो. आपल्यापैकी प्रत्येकानं येत्या महिन्यात एका म्हाताऱ्या कामगाराकडं किंवा कामगार बाईकडं जायचं. तुझी गिरणी कुठली, खातं कुठलं, त्या खात्यात घेतलं कुणी, पाणी कुठल्या माठातलं पीत होता, डबा कुणाबरोबर खात होता, चाळीचा नंबर काय, १९७४ ला कुठं होता, संपानंतर काय खाल्लं, एवढं विचारायचं. बाईला वेगळं विचारायचं, ती वाइंडिंगला होती का, तिला कधी कमी केलं. मोबाईल आहेत, आवाज धरून ठेवा. तारीख टाका. शुद्धलेखनाची काळजी करू नका, म्हातारा बोलेल तसंच लिहा. ही माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.

लिहून आलेलं इथं आणा. या पानांवर छापू.

जयभीम.